माफीची साडी

मोठ्या भावाचा चाळिसावा होऊन चार दिवस झाले नाहीत, तर जिब्रानला बहीण आठवली. एरवी आपल्याला एक बहीण आहे, ती अकोल्यात जठारपेठेत भाड्याच्या खोलीत राहते, लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करून पोट भरते, हे या गृहस्थाच्या वर्ष वर्ष ध्यानात येत नव्हतं. तिचा नवरा मेला तेव्हा मातीला आला आणि संध्याकाळच्या आत तेल्हाऱ्याला परतलाही, दुकान उघडं होतं म्हणून. आणि आता सकाळी नऊ वाजता शेताच्या धुऱ्यावर पांढरी गाडी उभी करून, पायजमा हातानं वर धरून, चिखलातून वाट काढत हा गडी येत होता. हातात मिठाईचा डबा होता.

अकीलानं त्याला लांबूनच पाहिलं आणि मान खाली घालून वेचत राहिली. दोन दिवस अवकाळी पाऊस झाला होता. फुटलेला कापूस भिजून बोंडातच चिकटला होता, बोटानं ओढला की अर्धा हातात येई आणि अर्धा बोंडात राही. बोंडांची टोकं नखांच्या मुळाशी टोचून टोचून तिच्या दहाही बोटांची सालं निघाली होती. कमरेला बांधलेली ओटी ओल्या कापसानं जड झाली होती. बावन्न वर्षांच्या बाईनं, तेही शिलाई मशीनवर बसून कंबर मोडलेल्या बाईनं, महिनाभर हे काम करावं असं खरं तर काही नव्हतं. पण करणार कोण?

मोठा भाऊ इनायतुल्ला वखरता वखरता शेतातच कोसळला आणि दवाखान्याच्या वाटेवर गेला. भाभी इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. लेकरू एकच, इफ्फत, एकोणीस वर्षांची, तेल्हाऱ्याच्या कॉलेजात जाणारी. सगळ्या गावाचा कापूस एकाच वेळी फुटलेला, त्यामुळे वेचायला बाया मिळेनात. अकीला मयतीला आली होती ती दोन कपड्यांवर राहून गेली. गावातली पार्बताबाई तेवढी जुन्या ओळखीनं तिच्याबरोबर वेचायला येई.

जिब्राननं जवळ येऊन सलाम केला. मग पाऊस, भाव, मजुरांचा माज, इनायतभाईचा चांगुलपणा, सगळं बोलून झालं. शेवटी खरी गोष्ट निघाली. तलाठी म्हणतो, इनायतुल्लाला पोरगा नाही, म्हणून भाऊ-बहिणीचंही नाव वारसात लागतं. बहिणीनं रजिस्टरसमोर हक्कसोड करून दिलं तरच पुढचं काम. येत्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजेनंतर चार माणसं भाभीच्या घरी बसवतो, इमामसाहेब येतील, मोठ्या मदरशातून फतवा लिहून आणला आहे, सगळं शरीयतप्रमाणं.

"दहा एकरातले अडीच माह्ये निघते, आपा, आन सव्वा तुहे," तो म्हणाला. "तुहे तू मले माफ करून टाक. तुहं मन मोठं हाये, मागंबी केलंच होतं."

अकीलाचा हात बोंडावर थांबला. मागंबी केलंच होतं, म्हणे. किती सहज बोलला. जसं काही तिनं त्याला एखादा शर्ट धुऊन दिला होता. ती पुढच्या बोंडाकडं वळली. बोलली असती तर तोंडातून काय निघालं असतं याचा तिलाच भरवसा नव्हता. जिब्राननं गप्प राहण्याचा अर्थ आपल्याला हवा तो घेतला, मिठाईचा डबा बांधावर ठेवला आणि गेला.

बावीस वर्षांपूर्वी अब्बा गेले. अम्मी त्यांच्या आधीच गेलेली. अब्बांच्या नावावर वीस एकर काळी जमीन, वारस दोन भाऊ आणि एक बहीण. भावाला दोन वाटे, बहिणीला एक. पाचात वाटलं की भावांना आठ आठ आणि अकीलाला चार एकर. हे गणित घरात कोणाला येत नव्हतं असं नाही, सगळ्यांना येत होतं. पण त्यांच्यात रिवाज असा की बापाच्या चाळिसाव्याला भाऊ बहिणीपुढं साडी-चोळीचं ताट ठेवतात, पाच माणसं बसलेली असतात, आणि बहिणीनं ताटाला हात लावून म्हणायचं, मी माफ केलं. न म्हणणारी बहीण आजवर गावानं पाहिलेली नव्हती. म्हणाली नाही तर माहेर तुटलं. अकीला म्हणाली. तिशीतली होती, डोळे रडून सुजलेले होते, हिरवी साडी होती, आणि ताट पुढं सरकवणारी हीच भाभी होती. मग भावांनी तलाठ्याकडं वारस म्हणून दोघांचीच नावं दिली आणि दहा-दहा एकर वाटून घेतले.

त्या चार एकरांत तिनं माहेर विकत घेतलं. ते माहेर कसलं निघालं? पहिली दोन-तीन वर्षं ईदेला साडी आली, मग तीही बंद झाली. नवऱ्याच्या किडन्या गेल्या तेव्हा ती नाक मुठीत धरून जिब्रानच्या बी-बियाण्याच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं गल्ल्यातून नोटा काढल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे जकातीतले हाये, आपा, गरिबायले वाटाचे. सांगितलेलं बरं." तिच्याच बापाच्या वावरात पिकलेल्या पैशाची जकात, आणि ती तिलाच. तिनं पदर पुढं केला, कारण दवाखान्यात माणूस पडलं होतं. त्या दिवशी तिच्या आत जे पेटलं ते आजपर्यंत विझलेलं नव्हतं, नुसतं राखेखाली होतं.

गाडी गेल्यावर पार्बताबाई ओळ सोडून जवळ आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ऐकू येऊ नये इतकं लांब कोणी वेचत नसतं.

"आमच्यातबी असंच हाये," ती म्हणाली. "राखीले गेली होती मी. भावानं ओवाळणीत साडी टाकली आन दुसऱ्या दिवशी तेल्हाऱ्याले नेऊन सही घेतली. कायद्यानं बरोबरीचा वाटा होता म्हन्ते. मले त काईच समजलं नाई. तुमच्या धरमात काय लिवलं हाये?"

"लिवलं हाये," अकीला म्हणाली. "हिस्सा ठरवून देल्ला हाये. मानसानं नाई, अल्लानं."

"मंग?"

अकीलानं मिठाईचा डबा पार्बताबाईला देऊन टाकला.

बाहेरचा माणूस आपला डाव टाकून गेला, आता घरातला राहिला होता. संध्याकाळी भाभीनं गरम पाणी काढून ठेवलं, अकीलाच्या बोटांना स्वतः खोबरेल लावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. लावता लावता रडू लागली. जिब्रान पावणेचार एकर घेऊन जाईल, मग या पोरीचं लग्न कसं व्हायचं, तुझ्या भावाची एकच निशाणी आहे, असं बरंच काही बोलली. शेवटी मुद्द्यावर आली. अकीलानं आपला सव्वा एकर जिब्रानला न देता इफ्फतला माफ करावा.

अकीलानं हात ओढून घेतला. एकाला वाटतं मला माफ कर, दुसरीला वाटतं माझ्या पोरीला माफ कर. अकीलाला स्वतःला काही पाहिजे का, हे विचारायची कोणाला गरजच वाटत नव्हती. अकोल्याला तिचा घरमालक दर दिवाळीनंतर खोली खाली करा म्हणतो, तिचा पोरगा पुण्यात कंपनीत राबतो आणि चार जणांत एक खोली करून राहतो, हे या घरात ठाऊक नव्हतं का? तिनं भाभीला एवढंच विचारलं, की ती हिरवी साडी तुला आठवते का. भाभी म्हणाली, कोणती? अकीला उठून आत गेली आणि जेवली नाही.

शुक्रवारी अंगणात सतरंजी टाकली. जिब्रान मशिदीच्या कमिटीत, त्यामुळे कमिटीचे दोघे आले. शेजारच्या वावराचे पंजाबराव आले. ते वयानं सत्तरीतले, अकीलाच्या बापाबरोबर सायडीनं, दोघांची मिळून एक बैलजोडी करून, शेती केलेले, त्यामुळे साक्षीला त्यांचा मान होता. इमामसाहेब तरुण, धारणीकडचे, वर्षभरापूर्वीच गावात आलेले. भाभी दाराच्या पडद्याआड बसली आणि इफ्फत तिच्याजवळ. अकीला दाराच्या बाहेर, भिंतीला टेकून, डोक्यावर ओढणी घेऊन बसली.

जिब्राननं फतव्याचा कागद इमामसाहेबांना दिला आणि खालच्या हिश्श्यांवर बोट ठेवून तेवढंच वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं आणि मराठीत समजावलं. मरणाऱ्याच्या मालाचे आठ वाटे करा. बायकोचा एक. एकटी मुलगी आहे, तिचे चार. उरले तीन, त्यातले भावाचे दोन आणि बहिणीचा एक. जिब्राननं मान डोलावली. कमिटीवाल्यांनी मान डोलावली. मग जिब्राननं पिशवीतून ताट काढलं. ताटात साडी. या वेळी जांभळी होती, प्लास्टिकच्या पिशवीतली, दुकानाचा शिक्का असलेली.

ताट तिच्यापुढं सरकवून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की आपा दिलदार आहे, तिनं अब्बांच्या वेळीही माफ केलं, आताही करते, आणि गाडी तयार आहे, रजिस्टर कचेरी पाचपर्यंत उघडी असते.

अकीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही. ती इमामसाहेबांकडं वळली.

"इमामसाब, खालचं वाचलं. वर काय लिवलं हाये, थेबी वाचा."

जिब्रान म्हणाला, वरचं नेहमीचंच असतं. इमामसाहेबांनी कागदाकडं पाहिलं, मग जिब्रानकडं. त्यांचा पगार कमिटी देत होती. राहायची खोली मशिदीची होती, घरी बायको पोटुशी होती. हे सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि अकीलालाही दिसलं. तिला त्या पोराची कीव आली नाही. तिची कीव कोणी केली होती?

"वाचा," ती म्हणाली. "तुमी नाई वाचलं त मी अकोल्याले नेऊन वाचून घेईन."

त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं. आधी कफन-दफनाचा खर्च. मग कर्ज, त्यात निकाहात बायकोला कबूल केलेला पण न दिलेला मेहेर धरायचा. मरणाऱ्याच्या मालात दुसऱ्या कोणाचा हक्क मिसळलेला असेल, तर तो आधी बाजूला काढायचा. मग वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, असेल तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. हे सगळं झाल्यावर जे उरेल, त्याचेच वाटे.

"मंग दहा एकराचे वाटे काहून करून राहिले?" अकीलानं विचारलं. "इनायतभाईच्या दहात दोन माह्ये हाये. अब्बाचे वीस एकर होते, पंजाबरावभाऊ बसले हाये, इचारा त्यायले. वीसात चार माह्ये. दोन इनायतभाईत मिसळले, दोन जिब्रानमंधी."

पंजाबरावांनी वीस एकर होते म्हणून सांगितलं. नाल्यापासून रस्त्यापर्यंत सलग, स्वतः वखरले आहेत, असंही सांगितलं, आणि मग जमिनीकडं पाहत बसले. त्यांनाही दोन बहिणी होत्या.

जिब्रान हसला. पाच माणसांसमोर माफ करून झालेली गोष्ट बावीस वर्षांनी उकरून काढायची, हे शोभतं का, असं त्यानं कमिटीवाल्यांना विचारलं. नाही शोभत, असं ते म्हणाले. अकीलानं पुन्हा इमामसाहेबांनाच विचारलं, ती माफी धरतात का. आता त्या पोराला पळायला जागा नव्हती. त्यानं टोपी नीट केली.

"वाटणी करून ताब्यात दिल्याशिवाय घेतलेली माफी नाही धरत," तो अखेर म्हणाला. "हिस्सा आधी हातात द्यायचा. मग तिनं राजीखुशीनं दिला तर दिला. रिवाजाच्या लाजेनं म्हटलेलं धरत नाहीत." आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "नमाजेत रकाती किती, किती वेळा वाकायचं, हे आपण नबीकडून शिकलो. पण मुलीचा हिस्सा किती, हे अल्लानं स्वतः सांगितलं. माल थोडा असो की जास्त. एकाच हातात सगळं गोळा होऊ नये म्हणून सांगितलं."

"इमामसाब, तुमाले नमाज पढवाले ठेवलं हाये," जिब्रान थंडपणे म्हणाला. कमिटीवाले सतरंजीची दोरी चाळवत राहिले.

अकीला उभी राहिली. कंबर भरून आली होती, भिंतीला हात लावून उठावं लागलं.

"त्यायले धाक कायले दाखवतं? मले सांग. तुले दोन वाटे आन मले एक, हे मी कधी काई म्हनलं का? अल्लानं भावाले दुप्पट काहून देल्लं? बहिणीवर वेळ आली त भावानं पाहावं म्हणून देल्लं. बायकापोरायचा खर्च त्याच्या गळ्यात टाकला म्हणून देल्लं. तू दुप्पटबी घेतलं, माह्यं एकपटबी घेतलं, आन मले दुकानात सगळ्यायसमोर जकात देल्ली. माह्याच वावराची जकात, माह्याच पदरात. आज पोरक्या पोरीचं वावर मागाले आला त शरीयत आठवली तुले. अब्बा मेले तवा थे कुठं ठेवली होती?"

पडद्याआडून भाभीचा रडण्याचा आवाज आला. आमच्याकडं आता राहिलंच काय, पोरीकडं पाहून सोडा, असं ती म्हणत होती. अकीलानं पडद्याकडं तोंड केलं आणि सांगितलं, की तुलाही सोडत नाही, ताट तूच सरकवलं होतं.

तेवढ्यात पडदा सरकला आणि इफ्फत बाहेर आली. आईनं ओढणी धरली होती, ती सोडवून आली.

"फुप्पी, दोन एकर तुमचे," ती म्हणाली. "नाल्याकडचे घ्या, तिकडं कापूस चांगला आहे. मला काही माफ करू नका. अब्बांच्या अंगावर ते राहायला नको." आणि मग चाचाकडं न पाहता म्हणाली, "उरलेल्या आठ एकरातले तुमचे दोन तुम्ही घ्या, चाचा. आमची ना नाही. पण फुप्पीचे दोन तुमच्याकडं आहेत, ते द्या."

म्हणजे दोन आले आणि दोन गेले. जिब्रान जिथं होता तिथंच राहत होता. हे गणित त्यालाही लगेच आलं, कारण गणितात तो कधीच कच्चा नव्हता. त्यानं कागद मागितला. अकीलानं तो इमामसाहेबांच्या हातातून आधीच घेतला होता. माझ्या वावरातली मूठभर माती देणार नाही, कोर्टात जा, म्हातारी होशील, असं म्हणून तो उठून गाडीकडं निघाला. ताट तसंच राहिलं. अकीलानं साडी उचलली आणि त्याच्या मागोमाग जाऊन गाडीच्या बोनेटवर ठेवून आली.

शनिवारी सकाळी ती इनायतुल्लाच्या वावराकडं गेलीच नाही. ओटी बांधली, कापूस भरायच्या दोन चुंगड्या घेतल्या आणि सरळ जिब्रानच्या दहा एकरात शिरली. तिथं त्याच्या बाया वेचत होत्या. पार्बताबाई मागं होती, धुऱ्यापर्यंत आली आणि थांबली. तिला पुढच्या हंगामात त्याच्याकडं कामाला जायचं होतं. अकीला म्हणाली, तू नको येऊ, आणि रस्त्याच्या बाजूची पहिली ओळ धरून वेचायला लागली. हा कापूस कोरडा होता. त्याच्याकडं बाया वेळेवर आल्या होत्या, पाऊस यायच्या आत पहिला वेचून झालेला, हा नंतर फुटलेला. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा. हात लावला की बोंडातून सुटून येत होता. तिला त्याचाही राग आला.

अर्ध्या तासात फटफटी आली. कोणी तरी फोन केला होता. बायांचे हात थांबले.

"कोणाले इचारून वेचून राहिली?" तो धुऱ्यावरूनच ओरडला.

"तू पाच टाइम ज्याच्यापुढं वाकते, त्याले इचारून."

तो आत आला. चोरीची केस करतो म्हणाला, पोलीस बोलावतो म्हणाला. खिशातून फोनही काढला. अकीलानं बोंडातला कापूस काढून ओटीत टाकला आणि मगच त्याच्याकडं पाहिलं.

"बोलाव. थे येईन त मी हा कागद देईन त्यायच्या हातात. तूच आनला हाये, खोटा कसा म्हणशीन? आन सोमवारी तहसिलात अर्ज टाकतो मी, वारसात माह्यं नाव कोणी खाल्लं म्हणून. कोर्टात म्हातारी होईन म्हनला नं काल? म्हातारी त मी तसीबी होऊन राहिली, मशीनवर." तिनं आणखी एक बोंड मोकळं केलं. "बावीस वर्षं चार एकराचं पीक तुमी दोघायनं खाल्लं. थे मी मांगत नाई. हे एक वेचणी नेतो. काढाचं असन त हाताले धरून काढ मले. या बायायसमोर काढ."

तो पुढं झाला. खरंच झाला, हात पुढं आलेला तिनं पाहिला. वेचणाऱ्या अकरा बाया उभ्या राहून पाहत होत्या. त्यातल्या प्रत्येकीला कुठं ना कुठं भाऊ होता. त्याचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग दाढीवर गेला.

"आजपासून माहेर बंद तुहं," तो म्हणाला.

"बरं झालं," अकीला म्हणाली. "लई महाग पडत होतं."

तो गेला. धुऱ्यावर फटफटी दोन-तीन किकांत सुरू झाली नाही, बाया खाली पाहून वेचायला लागल्या, कोणी हसलं नाही. पार्बताबाई धुरा ओलांडून आत आली, अकीलाच्या शेजारची ओळ धरली आणि कामाला लागली. उन्हं चढली तोवर पहिली चुंगडी भरली होती.